पुराणकथेवरचा ॲक्शन गेम एकाच दिवशी पाच भाषांत : सगळ्या भाषांत आवाज हवाच का?

प्रश्न

आम्ही काही जण महिषासुरमर्दिनीच्या कथेवर ॲक्शन गेम तयार करत असून तो मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा पाच भाषांत एकाच दिवशी प्रकाशित करण्याचा विचार आहे. पाचही भाषांत संपूर्ण ध्वनिमुद्रण करणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. आवाज एक-दोन भाषांपुरता ठेवून इतरांना केवळ सबटायटल दिल्यास चालेल का? संवादांचे तक्ते भाषांतरकारांकडे पाठवण्यापूर्वी काय तयारी करावी, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

चालेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये इंग्रजी आवाजासह आला आणि हिंदी आवाज त्याला २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’सारख्या अवाढव्य गेमनेही आवाज चिनी आणि इंग्रजी एवढ्यांपुरताच ठेवून बाकी भाषांना मजकूर दिला.

मात्र सबटायटलवर विसंबायचे असेल, तर कथन कुठे येते याचा विचार आधी करा, कारण असुराचा वार चुकवणाऱ्या खेळाडूची नजर त्याच्या शस्त्रावर असते, पडद्याच्या तळाशी नसते. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’ या गेममध्ये मिमिर हे पात्र आपल्या कथा होडीच्या प्रवासात सांगतो, किनारा आला की तो थांबतो आणि पुन्हा होडीत बसल्यावर राहिलेला धागा उचलतो. लढाईच्या मध्यात महत्त्वाची सूचना देणारे वाक्य ठेवूच नका.

प्रतिसाद २

भाषांतराआधी तुमचे गेम इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधता ते, देवनागरी नीट जुळवते का, हे तपासा. नुसता फाँट बदलून हे काम होत नाही. युनिटी या इंजिनच्या टेक्स्टमेश प्रो या मजकूर दाखवणाऱ्या साधनामध्ये वेगळी सोय न केल्यास जोडाक्षरे तुटतात : ‘शक्ती’मधला ‘क’ पाय मोडलेला दिसतो आणि ‘विष्णू’ची वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते. अनरियल या दुसऱ्या इंजिनमध्ये हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी प्रणाली असल्याने ही जुळणी होते. त्यातही मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील, तर ती रूपे असलेला फाँट निवडून मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते. नाहीतर हिंदी वळण येते आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकते. वर रफार व अनुस्वार आणि खाली उकार आला की इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत अक्षर कापले जाते, म्हणून ओळीची उंची सैल ठेवा.

प्रतिसाद ३

तक्त्यांबद्दल लिहितो, कारण सर्वाधिक घोळ तिथेच होतो. ‘अमुक वस्तू मिळाली’ असे एकच वाक्य ठेवून त्यात वस्तूचे नाव भरण्याची पद्धत मराठीत कोसळते : त्रिशूळ मिळाला, ढाल मिळाली, धनुष्य मिळाले. प्रत्येक वस्तूसाठी पूर्ण वाक्य लिहा, किंवा ‘प्राप्त : ढाल’ अशी क्रियापद नसलेली रचना वापरा.

दुसरे म्हणजे, प्रत्येक संवादापुढे बोलणारा, ऐकणारा आणि दोघांचे नाते यांचे रकाने हवेतच. इंग्रजी मूळ वाक्यात सगळ्यांना एकच सर्वनाम असते. पण मराठीत भक्त देवीला ‘तू’ म्हणतो, शिष्य गुरूला ‘आपण’ म्हणतो आणि असुर देवीला ‘तू’ म्हणतो तेव्हा त्यात तुच्छता असते. सुटी वाक्ये हातात आलेला भाषांतरकार हे ओळखणार तरी कसे? नायिकेची क्रियापदेही स्त्रीलिंगी येतील, याची खात्री याच रकान्यांतून होते.

आवाजाबाबत पहिल्या प्रतिसादाशी मी निम्माच सहमत आहे. पुराणकथा आपल्याकडे ऐकण्याची गोष्ट आहे, त्यामुळे सगळी पात्रे शक्य नसली तरी निवेदकाचा आवाज पाचही भाषांत द्यावा. प्रत्येक भाषेत एकच कलाकार लागतो, ओठांच्या हालचालींशी मेळ घालावा लागत नाही आणि पात्रांचे संवाद पुढच्या अद्यतनात भरता येतात. फक्त निवेदनाची संहिता गोठल्याशिवाय ध्वनिमुद्रण सुरू करू नका. एक वाक्य बदलले तरी पाच जणांना पुन्हा बोलवावे लागते.