अनुभव धागा : नाव सांगून लिहायची सक्ती असावी का?

सोशल मीडियावर लिहिणाऱ्याची ओळख तपासलीच पाहिजे, असं आमच्या बीडात हल्ली जो तो म्हणतोय. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी ज्याला हवी त्याची ओळख पडताळून तशी खूण द्यायची आहे, पण सक्ती नाही. ती असावी का? तुमच्यावर काय बेतलं ते लिहा.

परभणी, शेतकरी : मागल्या साली ऐन शेंगा धरायच्या वेळेला सोयाबीन पिवळं पडाय लागलं. फेसबुकवर एक 'कृषितज्ज्ञ' होता, त्याला फोटो धाडला. त्यानं बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या सांगितल्या, दुकानबी त्यानंच सांगितलं. पंप पाठीवर घेऊन पिकाच्या तासातनं चाललो की पानाखालून पांढरी माशी भुरभुर उठायची. पिवळा मोझॅक होता तो. विषाणूचा रोग, माशी पसरवते. बुरशीनाशकानं काय होणार? रोगट झाडं आधीच उपटली असती, माशी आवरली असती, तर बाकीचं रान हाती लागलं असतं. विचारायला गेलो तर खातंच गायब. आमच्याकडं १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथला माणूस नाव, हुद्दा सांगून बोलतो. औषध सांगणाऱ्याचं नाव पाहिजे म्हणजे पाहिजेच.

हिंगोली, जि. प. शिक्षक : पावसात दुसरीचा वर्ग गळायचा. पोरं पाटी डोक्यावर धरून बसायची. नावानिशी लिहिलं तर जि. प. नोकरांच्या १९६७च्या वर्तणूक नियमांवर बोट ठेवून वरून खुलासा मागितला. पुढच्या पावसाळ्यात टोपणनावानं तेच लिहिलं, फोटोसकट. महिन्याभरात पत्रे बदलले. मी अजून त्याच नावानं लिहितो.

धागाकर्ती : गुरुजी, म्हणूनच मला सरसकट सक्ती पटत नाही. औषध सांगणारा, पैसे मागणारा यांची गोष्ट वेगळी. गाऱ्हाणं मांडणाऱ्याला आडोसा लागतो.

सेलू : आमच्या भागाचे कवी-लेखक बी. रघुनाथ निजामाच्या नोकरीत होते आणि 'फुलारी' नावानं कविता लिहायचे. एवढंच सांगायचं होतं.

लातूर : माझा फोटो, माझं नाव लावून कुणीतरी खातं काढलं आणि माझ्या मावसबहिणींकडं पैसे मागितले. आयटी कायद्याच्या कलम ६६-सी खाली याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार केली, खातं बंद झालं, माणूस सापडला नाही. तेव्हा वाटलं, सगळ्यांचं आधार घ्यायलाच पाहिजे. मग आठवलं, एका ठिकाणी दिलेल्या आधारच्या झेरॉक्सवर कुणीतरी माझ्या नावानं सिमकार्ड घेतलं होतं. ते कागद सांभाळणार कोण?

नांदेड : मी पाणवठ्यावर, जोंधळ्यावर, आजीवर लिहायचो, तेव्हा टोपणनाव होतं. लोक म्हणायचे, काय भाषा आहे! एकदा खरं आडनाव लावलं. आमच्याकडं आडनावावरून गाव कळतं, गावावरून गल्ली. लेख तोच, वाचणारेही तेच, पण त्या दिवशी खाली पहिला प्रश्न आला, "तुम्ही कुणातले?" आजी कशी भाकरी थापायची, ते कुणीच विचारलं नाही.