वस्तीतल्या पोरांसाठी पोलिसांसोबत काम करावं का?

हडपसरकर:
आम्ही वस्तीत संध्याकाळी अभ्यासिका आणि कबड्डी चालवतो. पंधरा-सोळा वर्षांची काही पोरं शाळा सोडून कोयता घेऊन रील टाकणाऱ्या टोळक्यात ओढली जातायत, जीव तुटतो बघून. चौकीतले साहेब म्हणतात मिळून काम करू, पण पोरांना आम्ही खबरी वाटलो तर ती येणंच बंद करतील. कोणी केलंय का असं?

रानवारा:
आधी ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारा. बाल न्याय कायदा २०१५, कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात किमान एक हवाच, आणि विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजसेवक असतात, त्यात एक बाई. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही, कायद्यातच आहे.

हडपसरकर:
हे माहीत नव्हतं. पण त्यांनी नावं मागितली तर?

माई_सोलापूर:
नाही द्यायची दादा. काय सांगणार, काय नाही, हे पहिल्याच मीटिंगला ठरवा आणि पोरांनाही तेच सांगा, कुणाच्या जिवावर बेतत असेल तर मात्र गप्प बसणार नाही हेही आधीच सांगा. साहेबांना साध्या कपड्यात कबड्डीला बोलवा, वर्दीत नको. आणि अठराच्या आतल्या पोराला पकडलं तर लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, हे आईबापांना नक्की समजावा, घाबरून ते नको त्या माणसाकडे पैसे घेऊन धावतात.