'निरभ्र' की 'मोकळे'? उपग्रहाशी बोलणाऱ्या फोनसाठी शब्द हवा

अनुवादू: एका फोनच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. टॉवर नसेल तिथे फोन थेट उपग्रहाला मेसेज पाठवतो, त्यासाठीची सूचना आहे: 'क्लिअर व्ह्यू ऑफ द स्काय'. मी लिहिलं, 'आकाश निरभ्र असावे.' तपासनिसाने लाल रेघ मारली. म्हणे ढगांनी काही बिघडत नाही, डोक्यावर छप्पर नको. 'मोकळे आकाश' केलं, तर तेही निरभ्रच वाटतं म्हणाला. काय लिहू?

बिनतारी: तपासनीस बरोबर आहे. ॲपलच्या आयफोनमध्ये अशी सोय आहे, तिच्यात फोन ज्या लहरी उपग्रहाकडे पाठवतो त्या १.६ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. त्यांना ढग जवळजवळ नसल्यासारखेच. पानं मात्र अडवतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ वर ती सुरू झाली तेव्हाच कंपनीने सांगितलं होतं, की उघड्यावर १५ सेकंदांत जाणारा मेसेज झाडाखाली मिनिटाहून जास्त घेऊ शकतो. 'निरभ्र' छापलंत, तर ढगाळ दिवशी दरीत अडकलेला माणूस फोन खिशातच ठेवेल.

जुनी वही: अभ्र म्हणजेच ढग, तेव्हा निरभ्र बाद. बिनतारींनी लिहिलाच आहे की शब्द: 'उघड्यावर'. 'उघड्यावर या आणि फोन धरा.'

अनुवादू: 'उघड्यावर' म्हटलं की वाचक पुढे 'शौचास' जोडतो हो. नाहीतर संसार तरी उघड्यावर पडतो.

शुद्धमती: 'अनावृत नभ' लिहावे. आणि फोन, मेसेज हे कशाला? भ्रमणध्वनी आणि संदेश हे शब्द असताना उसनवारी का?

तिरपा डोळा: यात ध्वनी कुठाय? मजकूर चाललाय. आणि भ्रमण करतोय तो उपग्रह, सेकंदाला सात किलोमीटरांहून जास्त. भ्रमणध्वनीवाला बिचारा एका जागी हात वर करून उभा.

बिनतारी: ध्वनीही गेलाय. एप्रिल २०२३ मध्ये एएसटी स्पेसमोबाइल कंपनीच्या 'ब्ल्यूवॉकर ३' उपग्रहामार्फत साध्या सॅमसंग फोनवरून बोलणं झालं. त्याचा अँटेना ६४ चौरस मीटरचा. १९९८ मध्ये इरिडियम कंपनीची उपग्रह-फोनची सेवा सुरू झाली तेव्हा जाड अँटेनाच्या शेपटीचा खास फोन बाळगावा लागे. आता फोन साधाच, म्हणून वरचा कान मोठा करावा लागतो.

जुनी वही: अवांतर: आपट्यांच्या संस्कृत कोशात 'उपग्रह'चा एक अर्थ कैदी असा आहे! ग्रह् म्हणजे पकडणे. पृथ्वीने पकडून ठेवलेला तो उपग्रह. किती चपखल.

शुद्धमती: ओढूनताणून. ग्रहाभोवती फिरणारा दुय्यम ग्रह, इतकेच.

तिरपा डोळा: पण बिल भरतो तो 'ग्राहक', तोही ग्रह् मधलाच. म्हणजे वर एक कैदी, खाली एक.

खवचट: मला काळजी वेगळीच. उद्या आकाशातून सगळीकडे जोडणी आली, की 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे' ही हक्काची सबब गेली. 'रेंज नव्हती' हे वाक्य कोशात जुन्या वापराच्या खुणेसह सापडेल.

बिनतारी: इतक्यात नाही. स्टारलिंकचे फोनशी बोलणारे उपग्रह साधारण ३६० किलोमीटरवर आहेत. एकेका झोतात खालचा केवढा तरी मुलूख येतो, आणि तेवढ्यातले सगळे फोन तीच क्षमता वाटून घेतात. त्यामुळे गर्दीच्या जागी टॉवरच लागणार. शिवाय छपराखाली सिग्नल पोचणं कठीणच. म्हणजे रानात रेंज आणि तळघरात नाही. सबब राहील, फक्त जागा बदलेल.

खवचट: वाचलो. तळघर भाड्याने बघतो.

पायरीवरची: उशिरा आले. लहानपणी मला टीव्हीचा अँटेना फिरवायला गच्चीवर पाठवायचे. मी ओरडायचे, 'आलं का?' खालून, 'गेलं!' काय आलं नि काय गेलं, कुणी कधी म्हटलं नाही. अनुवादू, कर्त्यावाचून चालतं आपल्याला. 'वर आडोसा नको' एवढंच लिहा.

जुनी वही: आडोसा बाजूने असतो. वरून असते ती सावली नाहीतर छप्पर.

शुद्धमती: म्हणूनच 'अनावृत'.

अनुवादू: 'अनावृत' ऐकून तपासनीस पुतळ्याचं अनावरण कधी आहे विचारतोय. पुस्तिका उद्या छपाईला जायचीय. आणि त्याने नवीनच काढलंय: मी एका पानावर 'सॅटेलाइट मिळाला' लिहिलंय, दुसऱ्यावर 'सॅटेलाइट मिळाले'.

तिरपा डोळा: सिग्नल येतो, रेंज येते, नेट येतं. तिन्ही लिंगं एकाच फोनमध्ये नांदतात, तिथे सॅटेलाइटने कुठे जावं?

जुनी वही: तो सॅटेलाइट. उपग्रह पुल्लिंगी आहे ना.

पायरीवरची: आमच्या घरात 'ते'. यान नपुंसकलिंगी, म्हणून ते.

खवचट: मी तर 'ती' म्हणतो. हात वर करून वाट पाहायला लावते.

शुद्धमती: 'उपग्रह' लिहिले असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता.