मदत हवी आहे : अपंगत्व आणि कामेच्छा, यावर कोणता चित्रपट दाखवू?

मंडळी, आमच्या छोट्या फिल्म गटात या विषयावर एक चित्रपट दाखवून चर्चा घ्यायची आहे. माझ्या डोक्यात ‘टच मी नॉट’ आहे. आदिना पिंतिलिये या रोमानियन दिग्दर्शिकेचा, २०१८ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात ‘गोल्डन बेअर’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला. पण बघताना चुळबुळ होते हे खरं. त्यातल्या स्पर्शाच्या कार्यशाळेत तोमास नावाचा सहभागी क्रिस्टियान या अपंग जोडीदाराच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवतो आणि क्रिस्टियानच्या लाळेमुळे आपल्याला कसं अवघडल्यासारखं झालं, तेही बोलून दाखवतो. क्रिस्टियान खऱ्या आयुष्यातही अपंग आहे. तो स्वतःच्या शरीराबद्दल आणि सुखाबद्दल इतका मोकळेपणाने बोलतो, की अवघडतो तो प्रेक्षकच!

काहींचं म्हणणं, ‘द सेशन्स’ (२०१२) लावा. गोड आहे, पचायला सोपा. पण त्यात पोलिओग्रस्त नायकाचं काम जॉन हॉक्स या धडधाकट नटाने केलंय, ते मला खटकतं.

कुणी असा चित्रपट गटात दाखवलाय का? आधी कितपत कल्पना द्यावी? आणि स्वतः अपंग असलेल्या सभासदांना विचारायचंय, ‘टच मी नॉट’ तुम्हाला प्रामाणिक वाटला की नुसतं प्रदर्शन? दया न दाखवणारं दुसरं काही असेल तर तेही सुचवा.