ताज्या हॉप्सची बिअर, केंटमधील जुने पब आणि दिंडोरीची द्राक्षबाग : काही प्रश्न

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझी मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडमधील कँटरबरी येथे असून येत्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. गंगापूर रोडला राहणाऱ्या माणसाने वाइन सोडून बिअरविषयी विचारावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पुण्याला जाणे-येणे वाढल्यापासून तेथील मायक्रोब्रुअरींची मला गोडी लागली आहे, आणि वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये ग्लास फिरवून वास घेण्याची जी सवय लागली, ती बिअरलाही लावून पाहिल्यावर त्यातही लक्ष देण्यासारखे पुष्कळ आहे असे ध्यानात आले.

मुलीने कळवले आहे की केंट परगण्यात सप्टेंबरमध्ये हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांची, तोडणी होते आणि न वाळवलेल्या, ओल्या हॉप्सची ‘ग्रीन हॉप’ बिअर वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळते. हा फरक खरोखर जिभेला कळण्याजोगा असतो, की हंगामाच्या नावाखाली माल खपवण्याची ती युक्ती आहे? तसेच पर्यटकांसाठी सजवलेला पब आणि गावकऱ्यांचा पब यांतला भेद बाहेरून कसा ओळखावा, आणि आत गेल्यावर तेथील रीत काय असते, हेही जाणकारांनी सांगावे. जाता जाता आणखी एक. दिंडोरी तालुक्यातील माझे चुलतबंधू द्राक्षबागाईतदार आहेत. हॉप्स हे वेलीवरचे पीक आहे असे ऐकल्यापासून ‘मग ते आपल्या मांडवावर का नको?’ असे ते मला विचारत आहेत आणि माझ्यापाशी उत्तर नाही.

किण्वक (पुणे)

गोदाकाठ काका, मी पुण्यात बिअर बनवण्याच्याच व्यवसायात आहे आणि शिकाऊ असताना हेरफर्डशरमधील एका छोट्या ब्रुअरीत तोडणीच्या दिवसांत काम केले आहे. फरक खरा आहे, आणि युक्तीच म्हणायची तर ती ब्रुअरीच्या तोट्याची आहे.

हॉप्सचे फूल म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा, कागदी पाकळ्यांचा हिरवा शंकू. तो उभा फाडला की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक पूड दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात आणि ती चिमटीत चोळली तर बोटांना चिकट राळ लागते, जिचा वास साबणानेही लवकर जात नाही. या राळेतील अल्फा आम्ले उकळताना रूप बदलून विरघळतात आणि बिअरला कडवटपणा देतात, तर सुगंध येतो तो मायर्सीनसारख्या तेलांमुळे, जी फार लवकर उडून जातात. तोडलेल्या शंकूच्या वजनात ७५ ते ८० टक्के पाणी असते. भट्टीतील गरम हवेने वाळवून ते १० टक्क्यांच्या आसपास आणले जाते आणि त्या वाळवणीतच हलक्या तेलांचा मोठा भाग निघून जातो. आम्ही पुण्यात वापरतो ते त्याच्याही पुढचे रूप, म्हणजे वाळवून, दळून, दाबून केलेल्या गोळ्या. त्यांना पेलेट म्हणतात. हवाबंद चंदेरी पाकिटात आणि थंडाव्यात पेलेट दीर्घकाळ टिकतात व त्यांपासून उत्तम बिअर होते, त्यामुळे ताज्या हॉप्सची बिअर अधिक चांगली असते असे मी म्हणणार नाही. हुरडा आणि ज्वारीची भाकरी यांत श्रेष्ठ कोण, असे आपण विचारत नाही. हुरडा मात्र त्या दिवसांत शेतावरच जाऊन खावा लागतो.

घाई का करावी लागते, तेही सांगतो. ओल्या हॉप्सचा ढीग काही तासांतच आतून तापू लागतो. सकाळी तोडलेली पोती दुपारी आमच्या दारात उतरली तेव्हा आत हात घातल्यावर कोपरापर्यंत ऊब लागत होती आणि मधले शंकू तपकिरी पडू लागले होते. म्हणून तोडणीपासून साधारण २४ तासांच्या आत ते माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) उकळत्या काढ्यात पडावेच लागतात, आणि पाणीच इतके असल्याने वाळलेल्या हॉप्सच्या चार-पाच पट वजन घालावे लागते. कडवटपणासाठी मात्र बहुतेक ब्रुअर त्या दिवशीही वाळलेलेच हॉप्स वापरतात, कारण त्यांतील अल्फा आम्लांचे प्रमाण तपासलेले असते. ताज्यांचे तपासायला त्या दिवशी सवडच नसते.

चवीत काकडीची साल, नुकतेच कापलेले गवत, कच्च्या संत्र्याची साल अशा छटा शोधाव्यात. हॉप्स जास्त वेळ मुरले तर पालेभाजी उकळलेल्या पाण्याची चव येते, आणि अशीही बिअर आपल्याला एखाद्या पबात मिळेल, याची तयारी ठेवावी. इंग्लंडच्या विल्टशरमधील वॉडवर्थ ब्रुअरीने १९९२ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाने १९९६ मध्ये अशी बिअर काढली, त्यानंतर ही रीत दोन्ही देशांत पसरली. अमेरिकी बाटलीवर ‘फ्रेश’ लिहिलेले असले तरी कधी कधी हॉप्स त्या हंगामात नुकतेच वाळवलेले असतात, तेव्हा ते भट्टीतून गेले होते की नाही, एवढेच विचारावे. केंटमधील ईस्ट केंट गोल्डिंग्ज ही जात मंद, किंचित मधाळ आणि मसालेदार आहे. पुण्यातील आयपीए या हॉप्सप्रधान बिअरमध्ये येणारा आंब्याचा दरवळ तिच्यात शोधू नये.

थेम्सतीर (लंडन, मूळ पंचवटी)

वरील प्रतिसाद वाचून तहान लागली. पबांविषयी मी लिहितो.

पाटी किती जुनी आहे, हे पाहण्यापेक्षा काउंटरवर बिअर ओढण्याचे हँडपंप किती आहेत आणि गिऱ्हाईक किती आहे, हे पाहावे. इंग्लंडमधील ‘एल’ ही पारंपरिक बिअर पिंपातच दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेरून गॅस न भरता हाताने ओढून दिली जाते. नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट बिअर असते आणि एकदा हवा लागली की ती साधारण तीन दिवसांत संपायला हवी. आठ-दहा पंप आणि चार गिऱ्हाइके असा पब कितीही देखणा असला तरी तेथे शिळी, आंबटसर बिअर मिळण्याची शक्यता अधिक. तीन पंप असलेला, संध्याकाळी भरणारा पब निवडावा. पंपांवरची बिअरची नावे कालच्याहून वेगळी असतील, तर आणखी चांगले.

बिअर तळघराच्या तापमानाला, ११ ते १३ अंश सेल्सिअसला दिली जाते. आपल्याकडील बाटलीच्या सवयीने ती कोमट वाटते आणि पहिल्या घोटाला अनेक भारतीय नाक मुरडतात. पण चार अंशांवर जीभच बधिर होते, मग किण्वक यांनी सांगितलेली ती काकडीची साल कोठून कळणार? अर्धा पाइंट मागण्यात कमीपणा नाही, आणि आधी घोटभर चाखायला मागितले तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नये. काउंटरवर जावे, तेथेच पैसे द्यावेत आणि ग्लास स्वतः घेऊन यावे. काउंटरवर रांग दिसत नाही, तरी कोण आधी आले हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि आपली पाळी नसताना विचारणा झाली तर शेजाऱ्याकडे बोट दाखवावे. एवढ्यावरून आपल्याशी गप्पा सुरू होतात. सोबत्यांपैकी एकाने सर्वांसाठी फेरी आणली की पुढची दुसऱ्याने आणायची, हा अलिखित नियम आहे आणि तो चुकवणाऱ्याला लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

कँटरबरीहून आगगाडीने फेव्हरशॅमला अवश्य जावे. तेथील शेफर्ड नीम ही ब्रुअरी १६९८ हे आपले स्थापनावर्ष सांगते. मात्र ब्रुअरीच्या मालकीच्या पबांत मुख्यतः तिचीच बिअर मिळते. निरनिराळ्या छोट्या ब्रुअरींच्या ग्रीन हॉप बिअर हव्या असतील तर ‘फ्री हाउस’, म्हणजे कोणत्याही ब्रुअरीशी बांधलेला नसलेला पब, शोधावा. कँटरबरीजवळच्या हर्न या गावात २००५ मध्ये एका जुन्या खाटकाच्या दुकानात ‘बुचर्स आर्म्स’ हा देशातला पहिला मायक्रोपब सुरू झाला. एक लहानशी खोली, पिंपातली एल, संगीत नाही, यंत्रे नाहीत, फक्त बोलणे. शतकांची परंपरा नसलेली ही खोली मला अनेक सजवलेल्या सरायांपेक्षा अधिक पारंपरिक वाटते. आपल्या परमिट रूममध्ये हे सुख नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कॅमरा या ग्राहकसंघटनेने जुन्या अंतर्भागांच्या पबांची यादी केलेली आहे. लाकडी आडोसे, नक्षीची काच आणि जुने काउंटर पाहण्याची हौस असेल तर ती यादी पाहून निघावे. बागांच्या दिशेने जाताना टोकदार टोप्या घातलेल्या गोल विटांच्या इमारती दिसतील. त्या हॉप्स वाळवण्याच्या जुन्या भट्ट्या, ज्यांतून आता बहुतेक ठिकाणी कुटुंबे राहतात.

खरडछाटणी (दिंडोरी)

बंधूंच्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण हा किडा माझ्याही डोक्यात वळवळून गेला आहे.

मांडवाची अडचण मोठी नाही. आपला इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचा मांडव हॉप्सला पुरणार नाही, पाच-सहा मीटर उंचीचे खांब, वर तारा आणि दरवर्षी नव्या दोऱ्या लागतील. पैसा घातला तर तेही होईल. खरा अडसर दिवसाच्या लांबीचा आहे. हॉप्सची वेल दिवस मोठा असेतो उंच वाढते आणि दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यावर येते. कँटरबरी ५१ अक्षांशावर असल्याने तेथे जूनमध्ये साडेसोळा तासांचा दिवस असतो. नाशिक २० अक्षांशावर आहे आणि आपला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासही भरत नाही. परिणामी वेल पुरती वर चढण्याआधीच फुलू लागते आणि शंकू हाती लागतात ते मूठभर. द्राक्षवेलही मूळची थंड प्रदेशातली, मग तिला आपण कसे वळवले, असे बंधू विचारतील. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून आपण तिचे वर्ष आपल्या हवामानाला जुळवून घेतले. पण छाटणीने दिवस लांबत नाही. ब्राझीलमध्ये काही शेतकरी हॉप्सच्या बागेत दिवे लावून दिवस वाढवतात. आपल्याकडे शेतीची वीज केव्हा येते आणि केव्हा जाते, हे बंधूंना वेगळे सांगायला नको.

त्यात वाढीचे महिने नेमके पावसाळ्याचे. डाऊनी आणि भुरी हे रोग हॉप्सवरही येतात. रोगकारक बुरशी द्राक्षाहून निराळी, पण फवारणीचा ताप तोच. भारतात हॉप्सची लागवड झालेली आहे ती हिमाचलातील लाहौल खोऱ्यात, उंचावर आणि उत्तरेला. आणखी एक सूचना आगाऊपणाने करतो : मुळ्यांचे तुकडे बॅगेत घालून आणण्याचा मोह आवरावा. वनस्पती आयातीसाठी क्वारंटाइनचा परवाना लागतो आणि तो नियम आपल्याच बागांच्या रक्षणासाठी आहे.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. थेम्सतीर यांच्या एका वाक्याशी मात्र मी असहमत आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या पोटी जन्मलेली आपली परमिट रूमही एक परंपराच आहे. ठरलेले टेबल, ठरलेला वेटर, न सांगता समोर येणारे शेंगदाणे आणि मसाला पापड, आणि वीस वर्षे त्याच चौघांत चाललेला तोच वाद, हे सुख नव्हे तर काय?

माझी पत्नी शाकाहारी असून तिला थोडी चव घेण्याची उत्सुकता आहे. बिअर शाकाहारीच असते, असे मी तिला सांगितले आहे. ते बरोबर आहे ना? आणि किण्वक, हॉप्स नाशिकला होत नसतील तर आमच्याकडच्या ताज्या पिकाची बिअर होऊच शकत नाही काय?

थेम्सतीर (लंडन, मूळ पंचवटी)

परमिट रूमचा मुद्दा मान्य करायला मी निम्मा तयार आहे. तेथे आपण आपल्या चौघांतच बसतो. पबचे काउंटर अनोळखी माणसांना शेजारी उभे करते, आणि मला मोल त्याचे वाटते.

वहिनींसाठी मात्र जपून. पिंपातील एल निवळण्यासाठी परंपरेने आयसिंग्लास वापरतात, आणि ते माशाच्या वायुपिशवीपासून तयार होते. अलीकडे अनेक छोट्या ब्रुअरी त्याशिवाय बिअर काढतात. ती थोडी गढूळ दिसते आणि पंपावरील पाटीवर बहुधा ‘व्हीगन’ असे लिहिलेले असते. पाटीवर नसेल तर काउंटरवर विचारावे, हा प्रश्न तेथे रोजचा आहे.

किण्वक (पुणे)

होऊ शकते, काका, फक्त सप्टेंबरऐवजी फेब्रुवारीत. इटलीतील ब्रुअरांनी बिअरच्या काढ्यात द्राक्षाचा ताजा रस घालून एकत्र आंबवण्याचा एक प्रकार रूढ केला आहे आणि ‘इटालियन ग्रेप एल’ या नावाने तो आता ओळखला जातो. नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते आणि पुणे काही तासांच्या अंतरावर आहे, म्हणजे सकाळी गाळलेला रस संध्याकाळी टाकीत पडू शकतो. मी निवड केली तर सोव्हिन्यों ब्लां घेईन. न्यूझीलंडची नेल्सन सोव्हिन ही हॉप्सची जात तिच्या वासामुळेच त्या द्राक्षाच्या नावाने ओळखली जाते. दोहोंत गंधकयुक्त थायॉल संयुगे सामाईक आहेत. न्यूझीलंडमधील हॉप्सची तोडणीही फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्येच असते, हा योग मला फार आवडतो, जरी आपल्याला तेथून पेलेटच मिळणार असले तरी.

रस वाइनरीतून घ्यायचा असल्यास त्यात सल्फाइट मिसळण्यापूर्वी घ्यावा लागेल, नाहीतर यीस्टला सुरुवातीलाच धाप लागते. बंधूंची बाग थॉमसनसारख्या खाण्याच्या द्राक्षांची असेल, तर रस गोड असला तरी आम्लाला कमी पडतो आणि बिअर सपाट लागते. तशा वेळी शेजारपाजारी वाइनच्या जातींची बाग कोणाची आहे, याची त्यांनी आत्ताच चौकशी करून ठेवावी, कारण त्या बागांचा माल बहुधा वाइनरींशी आधीच करार करून बांधलेला असतो.