हरिहरेश्वर: पौर्णिमेचा बेत बदला

पौर्णिमेला लातूरहून रात्री निघून सकाळी अकराला हरिहरेश्वर, लगेच प्रदक्षिणा, असा बेत कुणीतरी इथे मांडलाय; तो भक्तीने पटतो, पण वेळ चुकतेय. प्रदक्षिणेची वाट कड्याच्या कपारीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरते. ओहोटीतच चालता येते. आम्ही अंबाजोगाईहून गेलो तेव्हा पौर्णिमाच होती. आई पायरीवर हात जोडून उभी, पुढे वाटेच्या जागी नुसता फेस. फार हळहळली.

कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा (पौर्णिमा म्हणजे पंधरा), साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला अकरा-बाराला ऐन भरती. अकरालाच पोचायचं तर षष्ठी-सप्तमी धरा. तरी उतरण्याआधी देवळात विचाराच, आणि पावसाळ्यात ती वाट नकोच.