कोकणातील ओसाड बाग पुन्हा रंगीत कशी करावी?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या घराभोवतीची बाग अनेक वर्षे देखभालीविना पडून असून तीत घाणेरी आणि रानमोडी ही झुडपी तणे माजली आहेत. जमीन जांभ्याची आहे आणि अर्ध्या भागावर आंबा-फणसाची दाट सावली पडते. फुलांपेक्षा पानांच्या रंगांवर भर द्यावयाचा आहे; सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : रोपवाटिकेत जाण्याची घाई करू नये. रानमोडी नुसती कापल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून पहिल्या पावसांनी जमीन मऊ झाल्यावर, आणि अर्थातच तिचे बी वाऱ्यावर उडू लागण्यापूर्वी, ती मुळासकट उपटावी. झाडोऱ्यात जुने क्रोटन (रंगीबेरंगी पानांचे झुडूप) किंवा जास्वंद सापडल्यास ते मात्र राखावेत, कारण उंच व विरळ वाढलेली अशी झुडपे टप्प्याटप्प्याने छाटल्यास खालून नवी फूट येते.

उत्तर २ : वरील सल्ल्याशी सहमत आहे. क्रोटन उन्हातच लावावेत. दाट सावलीत त्यांची पाने हिरवट पडतात आणि मग सारा खटाटोप व्यर्थ वाटतो. आंब्याखाली कॅलेडियम आणि कॅलेथिया ही सावलीतली, शोभेच्या पानांची झाडे शोभतील. कॅलेडियमची पाने हिवाळ्यात गळून कंद सुप्त होतात, तेव्हा जागेवर खूण ठेवावी, अन्यथा कुदळीने कंद तुटतात.

उत्तर ३ : कातळावर मातीचा थर पातळ असल्यास खड्ड्यांत पाणी साचून मुळे कुजतात, तेथे शेणखत व पालापाचोळा मिसळलेले उंच वाफेच करावेत. बोगनवेलीला पावसाळ्यानंतर पाणी कमीच द्यावे.